सत्रसमाप्तीचा उत्सव : शिकण्याचा आनंद आणि शिकल्याचा हिशेब



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे नाव आपण सर्वांनी आताच आदराने घेतले. मी त्याची पुनरुक्ती करीत नाही. त्यांनी वर्गात काय शिकविले हे आपणांपैकी अनेकांना माझ्याहून अधिक चांगले आठवत असेल. मला मात्र त्यांची आठवण होते ती वर्ग संपताना, म्हणजे सत्राच्या अखेरच्या दिवशी. त्या दिवशी ते जे करीत, त्याचा अर्थ समजून घेण्यात माझे पुढचे सारे शिक्षकी आयुष्य गेले. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी विषय निवडला आहे तो प्राथमिक शाळेतील सत्रसमाप्तीचा.

विषय वरवर लहान वाटेल. सत्र संपते, परीक्षा होते, एखादा समारंभ होतो आणि मुले सुटीला जातात. त्यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे, असा प्रश्न कुणाच्या मनात आला तर तो अस्थानी नाही. परंतु शाळा ज्या दिवशी आपली दारे गावासाठी उघडते, त्या दिवशी ती गावाला काय दाखविते यावरून ती स्वतःला काय समजते हे कळते. आज आपल्या भागातील आईबाप मुलाला कोणत्या शाळेत घालावे याचा निर्णय पुष्कळदा असाच एखादा समारंभ पाहून घेतात. सकाळी गावच्या वेशीवर पिवळ्या बसगाड्या येतात आणि ‘इंटरनॅशनल’ अशी पाटी असलेल्या शाळांकडे आपली मुले घेऊन जातात. मराठी प्राथमिक शाळेचा पट त्याच वेळी आटत चालला आहे. तेव्हा त्या शाळांत सत्राच्या शेवटी काय होते, आपल्याकडे काय होत असे, आणि काय व्हावयास हवे, याचा शांतपणे विचार करणे आवश्यक झाले आहे.

सरस्वती, हादगा आणि १० एप्रिल

आपण सीमेवरची माणसे. आपल्या शाळेचे वर्षही दोन राज्यांच्या पंचांगांमध्ये उभे असते. पलीकडे चंदगड तालुक्यातील मुलांचे पहिले सत्र दिवाळीला संपते. आपले संपते दसऱ्याला. त्यांचा वार्षिक निकाल पिढ्यान्‌ पिढ्या १ मे या दिवशी लागत आला. आपल्याकडे १० एप्रिल ही तारीख लहानथोरांच्या मनात कोरली गेली आहे. मामाच्या गावी गेलेले आपले मूल सुटीचे पहिले दोन-तीन आठवडे एकटेच हिंडत असते, कारण मामाची मुले अजून शाळेत असतात, हा अनुभव या सभागृहातील अनेकांचा असेल.

दसऱ्याला सत्र संपते याचा एक सुंदर परिणाम असा की, आपल्या पहिल्या सत्राची समाप्ती सरस्वतीपूजनानेच होत आली. पाटी स्वच्छ धुवावी, तिच्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढावी, हळदकुंकू आणि फूल वाहावे, आणि दुसऱ्या दिवशी आपट्याची पाने गुरुजींच्या हातावर ठेवून नमस्कार करावा, हा क्रम कुणी छापून दिलेला नव्हता. तरीही त्यात शिक्षणशास्त्राचे एक मर्म आहे. मुलाने जो पहिला आकडा गिरविला, त्याच आकड्याची तो देवता करतो. जे शिकले त्याचेच पूजन होते. नवरात्राच्या आगेमागे हस्त नक्षत्रात हादगा येतो. मुली पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरतात आणि शेवटी खिरापत ओळखण्याचा खेळ रंगतो. तिखट की गोड, ओले की कोरडे, तळलेले की भाजलेले, अशा प्रश्नांनी एकेक शक्यता गाळीत मुली उत्तरापर्यंत पोहोचतात. हे तर्कशास्त्राचे उत्तम पाठ आहेत. फक्त त्यांना कुणी तसे नाव दिलेले नाही.

म्हणजे उत्सव आणि शिक्षण यांची फारकत आपल्या परंपरेत मूळची नव्हती. ती कशी झाली, हे आता पाहू.

डिपुटी आणि गॅदरिंग

इंग्रजी अमदानीत मराठी शाळा सरकारी खात्याखाली आल्या तेव्हा वर्षातील सर्वांत मोठा दिवस ठरला तो डिपुटीसाहेबांच्या तपासणीचा. बेळगाव जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यात होता. इंग्लंडमध्ये १८६२ साली निकालावर अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली, आणि तिचे पडसाद मुंबई इलाख्यातील अनुदानित शाळांतही उमटले. परीक्षकासमोर मुलाने किती उत्तरे दिली यावर शाळेचा पैसा ठरू लागला. शिक्षक साहजिकच मुलांकडून उत्तरे घोकून घेऊ लागले. डिपुटी येणार म्हणून शाळा सारवली जाई, मुलांच्या टोप्या धुतल्या जात, आणि हुशार मुले पहिल्या ओळीत बसविली जात. मागची ओळ त्या दिवशी अदृश्य व्हावी, हीच सर्वांची इच्छा असे. सातवीच्या ‘फायनल’ परीक्षेने या वृत्तीला पुढे अधिकच बळ दिले.

दुसरीकडे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांतून ‘सोशल गॅदरिंग’ नावाची प्रथा रुजली. आपण तिला ‘स्नेहसंमेलन’ हे फार अर्थपूर्ण नाव दिले. आजीमाजी विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी स्नेहभावाने एकत्र यावे, हा त्यातील आशय. ती प्रथा माध्यमिक शाळांत आली, तेथून प्राथमिक शाळांत उतरली, आणि उतरता उतरता तिच्यातील स्नेह मागे राहून केवळ ‘गॅदरिंग’ उरले. महिनाभर तालीम, भाड्याचे पोशाख, ध्वनिक्षेपकावर लावलेले चित्रपटगीत, त्यावर नाचणारी निवडक वीस मुले आणि प्रेक्षकांत बसलेली उरलेली दोनशे.

अशा रीतीने सत्राच्या शेवटाचे दोन तुकडे झाले. परीक्षा हा भीतीचा तुकडा आणि समारंभ हा देखाव्याचा. परीक्षेत आनंद राहिला नाही आणि समारंभात शिक्षण राहिले नाही. दोहोंचे तोंड मुलाकडे नव्हते; एकाचे साहेबाकडे होते, दुसऱ्याचे प्रमुख पाहुण्यांकडे.

मी स्वतः चौथीत असताना मला एक भाषण पाठ करावयास दिले होते. ते कुणी लिहिले होते, त्यातील शब्दांचा अर्थ काय, हे मला ठाऊक नव्हते. तिसऱ्या वाक्यावर मी अडलो. पुढचे आठवेना. समोर सारा गाव. कुणीतरी हसले, मग सारेच हसले, आणि मी रडत खाली उतरलो. माझी आई पुढच्याच ओळीत बसली होती. तिच्या चेहऱ्याकडे पाहण्याचा धीर मला त्या रात्री झाला नाही.

पुढच्या वर्षी आमच्या वर्गाला गुरुजी आले.

एक टेबल आणि चार मापे

१९६० नंतरचे ते दिवस. देशात मेट्रिक वजनमापे लागू होत होती. १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ मध्ये वजनांच्या बाबतीत सक्तीची झाली. गावात गोंधळ होता. घराघरांत शेर, पायली यांचीच भाषा चाले आणि बाजारात किलो आला होता. शेराचा भाव सांगून किलो द्यावयाचा की किलोचा भाव सांगून शेर, याचा ताळमेळ अनेकांना लागत नसे, आणि ज्याला लागत नाही तो नेहमी तोट्यात जातो.

गुरुजींनी सत्राच्या शेवटी शाळेच्या पडवीत टेबले मांडली. प्रत्येक टेबलामागे दोन-दोन मुले. मला आणि माझ्या सोबत्याला वजनमापांचे टेबल मिळाले. आम्ही घरोघर जाऊन चिपटे, मापटे, शेर आणि पायली अशी चार मापे मागून आणली. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे भात ओतून आम्ही सिद्ध करून दाखवीत होतो. शेजारी तराजू होता. मापाचा शेर आणि वजनाचा शेर निराळा, हे आम्ही भात आणि मसूर एकाच मापाने भरून आणि मग तोलून दाखविले. मग मुख्य गोष्ट : ८० तोळ्यांचा वजनी शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, किलोपेक्षा ६७ ग्रॅमनी कमी. ४० शेरांचा मण म्हणजे ३७ किलो आणि वर सुमारे ३२० ग्रॅम. तेव्हा एक क्विंटल बटाटा म्हणजे जवळजवळ २ मण २७ शेर. हे गणित आम्ही स्वतः मांडले होते. दोनदा चुकलो होतो, आणि गुरुजींनी चूक दाखविण्याऐवजी फक्त, “पुन्हा तोलून बघा,” एवढेच म्हटले होते.

त्या दिवशी आमच्या टेबलाभोवती गर्दी झाली. बटाट्याची पोती बेळगावच्या बाजारात नेणारे शेतकरी आम्हांला विचारू लागले, “पोरा, मणाला इतका भाव होता, तर क्विंटलला किती मिळायला पाहिजे?” आम्ही पाटीवर आकडेमोड करून सांगत होतो. एका वृद्ध आजीने तेच गणित तीनदा विचारले आणि मी तीनदा सांगितले. मागच्या वर्षी तीन वाक्ये न बोलू शकलेला मुलगा त्या दिवशी दोन तास बोलत होता. माझी आई दूर खांबाला टेकून उभी होती. ती काही बोलली नाही. घरी गेल्यावर मात्र तिने विचारले, “आपल्या पायलीत किलो किती रे बसतील?” आईने मला विचारलेला तो पहिला शाळेचा प्रश्न.

त्या दिवशी माझी परीक्षा झाली की उत्सव झाला, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही झाले, आणि दोन्ही एकाच कृतीत झाले. आजच्या माझ्या व्याख्यानाचे सारे प्रतिपादन एवढेच आहे : मुलाने आपण काय शिकलो ते आपल्या माणसांना स्वतःच्या शब्दांत समजावून सांगणे, हाच सत्रसमाप्तीचा खरा उत्सव आणि तीच खरी परीक्षा.

आपल्या वडीलधाऱ्यांची वाट

हा विचार गुरुजींनी कोठून घेतला, हे मी त्यांना कधी विचारले नाही. परंतु तो हवेत होता. गुजरातेत गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी वकिली सोडून बालशिक्षणाचे व्रत घेतले आणि १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. त्यांचे ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक मराठीतही अनेक शिक्षकांनी वाचलेले आहे. लक्ष्मीराम नावाचा शिक्षक चौथीचा एक वर्ग मागून घेतो आणि वर्षभर गोष्टी, खेळ, वाचन यांच्या आधाराने तो शिकवितो, एवढीच त्याची कथा. पुस्तकाचे चार भाग आहेत. त्यांतील तिसरा सहामाहीच्या अखेरचा आणि चौथा वर्षाच्या शेवटच्या संमेलनाचा. गिजुभाईंनी अर्धे पुस्तक जणू सत्राच्या शेवटासाठी राखून ठेवले आहे, हे मला फार सूचक वाटते. वर्षभर नवे शिकवूनही शेवटी जर जुन्याच पद्धतीने दाखवावे लागले, तर नवे टिकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांच्या वर्गातील मुले संवाद पाठ न करता, ऐकलेल्या गोष्टीच आपल्या शब्दांत वठवितात.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी हाच विचार महाराष्ट्रात आणला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर त्यांचे काम वाढले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी ते आयुष्यभर पुढे नेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळेनेच कुरणात जावे, या कल्पनेतून कोसबाडला कुरणशाळा निघाली. शाळेचे वेळापत्रक, जागा आणि साहित्य हे मुलाच्या जीवनातून यावे, हा तिचा धडा आहे.

आपल्या अगदी शेजारी, कोल्हापुरात, लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले. अध्यापक घडविण्याच्या कामातून निवृत्त झाल्यावर त्यांनी लहान मुलांची शाळा काढली. विषयांच्या भिंती ओलांडणारे प्रकल्प, परिसरातील अनुभव आणि शिक्षा व स्पर्धा यांवाचून चालणारे शिक्षण मराठी माध्यमातून, साध्या जागेत शक्य आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

‘आंतरराष्ट्रीय’ म्हणजे काय?

आता ज्या शब्दाने आपल्या भागातील पालक दिपून जातात, त्याकडे वळू. प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, शाळेच्या नावात ‘इंटरनॅशनल’ असले म्हणजे तिचा अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय असतोच असे नाही. अनेक ठिकाणी तो शब्द फक्त पाटीवर असतो. ज्या शाळा खरोखर आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम चालवितात, त्यांपैकी एक प्रमुख पद्धती म्हणजे १९६८ मध्ये जिनिव्हा येथे स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेची. तिचा प्राथमिक वर्षांचा कार्यक्रम १९९७ मध्ये सुरू झाला. तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी तो आहे, आणि मुंबई-पुण्याच्या काही शाळांत तो चालतो.

या कार्यक्रमाच्या शेवटच्या वर्षी काय होते ते पाहण्यासारखे आहे. तेथे मुले एक ‘प्रदर्शन’ मांडतात. चारपाच मुलांचा गट आपल्या परिसरातील एखादा खरा प्रश्न निवडतो : पाणी, कचरा, अन्नाची नासाडी, असा कोणताही. कित्येक आठवडे ती मुले त्याचा शोध घेतात, माणसांना भेटतात, टिपणे करतात, मोजमाप करतात. शेवटी पालकांसमोर आणि परिसरातील लोकांसमोर आपण काय शोधले आणि त्यावर काय केले, हे मांडतात. खालच्या वर्गांतही सत्राच्या शेवटी मूल आपल्या वर्षभराच्या कामाची वही घेऊन आईवडिलांसमोर बसते आणि त्यांना दाखविते की, हे मला जमले, हे अजून जमत नाही. शिक्षक बाजूला शांत बसलेले असतात.

श्रोतेहो, आपल्याला यात काही ओळखीचे वाटते की नाही? जी गोष्ट मोठे शुल्क घेणाऱ्या शाळांत शिक्षणाचा मुकुटमणी मानली जाते, ती आमच्या गुरुजींनी पडवीतल्या चार टेबलांवर केली होती. त्यासाठी मागून आणलेली मापे आणि उसना तराजू एवढाच खर्च आला. मी हे अभिमानाने मिरविण्यासाठी सांगत नाही. सांगावयाचे ते असे की, त्या शाळांतून जे घेण्याजोगे आहे ते विकत घ्यावे लागत नाही. आणि जे विकत घ्यावे लागते, ते बहुधा घेण्याजोगे नसते.

आपल्याच दारात उपलब्ध असलेली साधने

“पण सरकारी शाळेला असे काही करण्याची मोकळीक कुठे आहे?” असे विचारले जाते. मोकळीक आहे, आपण तिच्याकडे कागदी काम म्हणून पाहतो, एवढेच. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ‘नलिकली’ हा प्रयोग सुरू झाला. त्या कन्नड नावाचा अर्थच ‘आनंदाने शीक’ असा. पुढे तो कर्नाटकभर पहिल्या इयत्तांसाठी पसरला. ‘समुदायदत्त शाले’, म्हणजे शाळा समाजाकडे, या उपक्रमात सत्राच्या शेवटी पालकांना बोलावून मुलांची प्रगती आणि उत्तरपत्रिका दाखविणे अपेक्षित असते. ‘मक्कळ संते’ म्हणजे मुलांचा बाजार आणि त्याला जोडून मेट्रिक मेळा हे अनेक शाळांत भरतात. २०२२-२३ या शैक्षणिक वर्षात ‘कलिका हब्ब’ म्हणजे शिकण्याचा सण राबविला गेला. त्यात गाणे-खेळणे, कागद-कात्री, करून पाहणे यांबरोबर गाव जाणून घेणे हाही एक भाग होता.

याच काळात उलट दिशेचाही ओढा दिसला. पाचवी, आठवी आणि नववीच्या मुलांसाठी राज्यपातळीवरील परीक्षा घ्यावी की नाही, हा वाद न्यायालयांत गेला आणि एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालांना स्थगिती दिली. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचा निकाल दिल्लीच्या न्यायालयात अडकून पडावा, याहून सत्रसमाप्तीची अधिक केविलवाणी अवस्था ती कोणती? शिकण्याचा हिशेब द्यावयाचा तो कुणाला, हा प्रश्न जुनाच आहे : डिपुटीला, की आपल्या माणसांना?

कडोलीच्या शिवारातील एक सत्र

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. उपदेशापेक्षा उदाहरण बरे.

पहिले सत्र जूनमध्ये सुरू होते आणि दसऱ्याला संपते. नेमक्या याच काळात आपल्या शिवारात बटाटा लावला जातो आणि निघतो. रताळ्याचे वेल पसरतात, भात पोटरीला येते. चौथीच्या वर्गाने सत्राच्या आरंभीच एक प्रश्न हाती घ्यावा : बटाट्याच्या एका पोत्यामागे शेतकऱ्याच्या हाती काय उरते? त्यासाठी शेत मोजावे लागेल. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौरस. दोरी आणि चार खुंट्या घेऊन मुलांनी तो मैदानावर आखावा. १,०८९ चौरस फूट ही संख्या मग पुस्तकातील न राहता पायाखालची होते. असे ४० चौरस म्हणजे एकर, हे चालून कळते. बियाणे, खत, मजुरी, गाडीभाडे, अडत यांची नोंद घरी विचारून होईल. बाजार समितीतून मिळालेली पट्टी वाचावयास शिकणे हा वाचनाचाच पाठ आहे. पावसाचे दिवस मोजणे हा भूगोल, करपा कशाने येतो हे विचारणे हे विज्ञान. आणि शेवटी जे समजले ते पाच वाक्यांत लिहिणे ही मराठी.

भाषेचेही असेच. आपली मुले घरी मराठी, बाजारात मराठी-कन्नड आणि पुस्तकात इंग्रजी अशा तीन भाषांत वावरतात. हे आपण ओझे समजतो. प्रत्यक्षात तो खजिना आहे. दुसऱ्या सत्रात पाचवीच्या मुलांनी दोन्ही भाषांत नांदणाऱ्या शब्दांचा संग्रह करावा. अक्का, अण्णा, तूप, अडकित्ता हे शब्द मुलांनी आजीकडून आणि कन्नड शेजाऱ्याकडून दोन्हीकडून ऐकले, तर भाषा म्हणजे भिंत नसून ये-जा करण्याची वाट आहे, हे त्यांना न सांगता समजेल.

दुसऱ्या सत्रात आणखी एक संधी आपल्या गावाला आपोआप मिळते. कडोलीत दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरते. उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, बेळगुंदी, सांबरा येथेही भरते. ग्रंथदिंडीत आपली मुले लेझीम खेळत पुढे चालतात, आणि मंडपात पोहोचल्यावर त्यांना घरी पाठविले जाते. ज्यांनी ग्रंथांची पालखी वाहिली, त्यांनी वाचलेले एक पुस्तक सांगण्यासाठी तेथे अर्धा तास का असू नये? त्यांनी स्वतः लिहिलेले हस्तलिखित मंडपाच्या दारात का असू नये?

मग दसऱ्याच्या आधीच्या शेवटच्या दिवशी आणि १० एप्रिलच्या आसपास शाळेची पडवी उघडावी. प्रत्येक मुलाला एक जागा, प्रत्येक जागेवर त्याचे काम. कोणीही प्रमुख पाहुणा नको. असलाच तर तो खुर्चीत बसण्याऐवजी टेबलापासून टेबलापर्यंत फिरणारा असावा. एकही मूल प्रेक्षक नसावे. गाणे हवे, नाचही हवा. पण पेरणीचे गाणे ज्यांनी पेरणी पाहिली त्यांनी म्हणावे. सरस्वती पाटीवर असावीच, आणि तिच्याशेजारी मुलाने स्वतः मांडलेले गणितही असावे.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम संपवावयाचा की टेबले मांडावयाची? उत्तर असे की, गॅदरिंगच्या तालमीसाठी जो महिना जातो, तोच यासाठी वापरावा. तो महिना अभ्यासातून वजा होण्याऐवजी अभ्यासात जमा होईल.

दुसरा आक्षेप पालकांचा. त्यांना रंगीत कार्यक्रम आवडतो, हे खरे आहे. पण आपले मूल गावातल्या चार जाणत्यांना काहीतरी समजावून सांगते आहे, हे दृश्य ज्या आईने एकदा पाहिले, तिला दुसरा कार्यक्रम फिका वाटतो. हे मी ऐकीव सांगत नाही; खांबाला टेकून उभी असलेली एक आई मी पाहिली आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. मागच्या ओळीतल्या मुलाचे काय? ज्याला वाचता येत नाही, तो काय सांगणार? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच ही पद्धत हवी. घोकलेल्या भाषणात त्या मुलाला जागा नसते. दोरीने गुंठा आखताना असते. तो काय करू शकतो हे त्या दिवशी दिसते, आणि काय करू शकत नाही हेही लपत नाही. शिक्षकाला पुढच्या सत्राची दिशा तेथेच मिळते. मात्र शिक्षकांनी एक मोह टाळला पाहिजे : मुलाचे काम सुंदर दिसावे म्हणून रात्री बसून ते स्वतः पुरे करण्याचा. वाकड्या अक्षरातील खरे वाक्य हे सरळ अक्षरातील उसन्या वाक्याहून अधिक मोलाचे असते. प्रदर्शनाचेही उद्या ‘गॅदरिंग’ होऊ शकते. सावध राहावे लागेल.

माजी विद्यार्थ्यांना विनंती

शेवटी आपणांस, माजी विद्यार्थिमित्रांना, एक मागणे आहे. शाळेच्या समारंभाला आपण देणगी देता, फरशी घालता, संगणक देता. त्याबद्दल शाळा ऋणी आहे. पण सत्राच्या शेवटच्या दिवशी मुलाला सर्वांत जास्त गरज असते ती ऐकणाऱ्याची. बेळगावात, पुण्यात, मुंबईत असाल तर वर्षातून दोनदा एक दिवस काढून या. एखाद्या टेबलासमोर उभे राहा आणि त्या मुलाला तीनच प्रश्न विचारा : तू काय केलेस? कुठे अडलास? आता पुढे काय पाहणार आहेस? मग उत्तर येईपर्यंत थांबा. मूल अडखळले तर हसू नका. त्याच्या वतीने उत्तर देऊ नका. पूर्ण ऐकून घ्या.

गुरुजी असेच थांबत. “पुन्हा तोलून बघा,” एवढे म्हणून ते दुसऱ्या टेबलाकडे जात, आणि परत येत तेव्हा उत्तर तयार असे. त्यांच्या स्मृतीचे वंदन करावयाचे तर येत्या दसऱ्याला, सुटीच्या आदल्या दिवशी, या पडवीत टेबले मांडून करू या. तराजू मी माझ्या घरून आणीन.